बिनकर्ण्याची पेटी

ग्रामोफोन म्हटला की माणसाच्या डोळ्यांपुढे आधी कर्णा उभा राहतो. पितळेचा, कमळासारखा उमललेला, आणि त्याच्यापुढे मान तिरकी करून बसलेला तो कुत्रा. हॉटेलच्या दारात कर्णा, लग्नाच्या आल्बमात नवरा-नवरीच्या मधोमध कर्णा, सिनेमातल्या जमीनदाराच्या दिवाणखान्यात तर कर्णा हवाच. पण आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर जुन्या घरांच्या माळ्यांवरून ज्या ज्या यंत्रांशी माझी गाठ पडली, त्यांतल्या एकालाही कर्णा नव्हता. होती ती काळ्या रेक्झिनची, दोन खटक्यांची, मूठ धरून उचलायची सूटकेस. पण सूटकेसचा फोटो काढतो कोण? बँकेतही हेच चालतं. फोटो चेअरमनचा लागतो आणि कॅश मोजतो हेडकॅशियर.

कोकणात ‘पेटी’ या शब्दावर आधीच फार बोजा आहे. भजनात पेटी म्हणजे हार्मोनियम, मे महिन्यात पेटी म्हणजे आंबा, निवडणुकीत मतांची आणि मुंबईच्या काही मंडळींत एक लाख रुपये. त्यातच ही गाणारी पेटी. आमच्याकडे तिला ‘फोनोची पेटी’ म्हणत. अशा पेट्या जमवण्याचा मला नाद आहे. सौभाग्यवतींच्या मते हा नाद नसून रोग आहे. परंतु त्यावर औषधापेक्षा ग्रीस जास्त लागतं, एवढंच त्यांचं निदान मला मान्य आहे.

आता त्या कर्ण्याचा एकदा निकाल लावून टाकू. कुत्र्याचं ते जगप्रसिद्ध चित्र फ्रान्सिस बॅरो नावाच्या इंग्रज चित्रकाराने काढलं, तेव्हा कुत्र्यासमोर ग्रामोफोन नव्हताच. एडिसनचा नळकांड्यांवर चालणारा फोनोग्राफ होता. १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेताना अट घातली, की आमचं यंत्र घाला. चित्रकाराने फोनोग्राफ रंगाखाली बुजवला आणि वर ग्रामोफोन रंगवला. कुत्रा तोच राहिला. म्हणजे धनी बदलला तरी इमानात खंड नाही. बँकांची विलीनीकरणं झाली तेव्हा आम्ही कारकुनांनी हेच केलं.

परंतु चित्रातल्या फेरफाराने कुणाचं नुकसान झालं नाही. आज होतंय. आमच्या शाखेतल्या एका साहेबांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून कर्णेवाला ‘शंभर वर्षांपूर्वीचा’ ग्रामोफोन आणला. पितळ असं लखलखीत, की दाढी करावी. मी खालची फळी उघडून पाहिली. खोका नवा, कर्णा नवा, कुत्रा तर कालच चिकटवलेला. आणि आत मात्र एका जुन्या सूटकेसचं खरंखुरं यंत्र. अशी शोभेची यंत्रं आपल्याकडे वर्षानुवर्षं तयार होतात. त्यासाठी चालू सूटकेस फोडायची, तिची मोटर आणि आवाजाची डबी काढायची, आणि उरलेली पेटी भंगारात द्यायची. नातवाचं काळीज काढून पणजोबाचा पुतळा चालता करायचा, असला हा प्रकार. साहेबांना मी म्हटलं, “यंत्र अस्सल आहे.” साहेब खूश झाले. बढतीच्या यादीत माझं नाव होतं आणि वाक्यही खरंच होतं.

आता थोडा इतिहास. थोडाच, कारण आम्ही कॉमर्सवाले, आम्हांला इतिहासात फक्त मागील बाकी कळते.

एडिसनने १८७७ साली आवाज पकडला, तो नळकांड्यावर. दहा वर्षांनी, १८८७ साली, एमिल बर्लिनरने नळकांडं टाकून सपाट तबकडीचं पेटंट घेतलं. तबकडीचा मोठा फायदा असा, की एका साच्यातून हव्या तेवढ्या काढता येतात. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग यंत्रं घेऊन कलकत्त्याला उतरला आणि गौहर जान गायली. त्या तबकड्या छापल्या गेल्या जर्मनीत, हॅनोव्हरला. आता गंमत बघा. तबकडी बनते लाखेची. लाख म्हणजे झाडाच्या फांदीवर बसलेल्या किड्यांचा चीक, आणि तो जगाला पुरवायचा आपला देश. म्हणजे लाख आमची, गाणं आमचं, बोटीने जायचं जर्मनीला, आणि तबकडी होऊन आमच्याकडेच विकायला यायचं. दादाभाई नवरोजींनी देशातून संपत्तीचा ओघ बाहेर कसा जातो हे आकड्यांनिशी सांगितलं होतं. त्यात हा ओघ सुरात जात होता एवढंच. १९०८ साली कलकत्त्याला सियालदा इथे कारखाना निघाला, तेव्हा लाखेचा बोटीचा प्रवास वाचला.

राहिला प्रश्न यंत्राचा. कर्णा दिसायला देखणा. पण त्याला घेऊन प्रवास करून पाहा. तो ना मांडीवर मावत ना डोक्यावर. १९१४ साली लंडनमधल्या वाद्यं विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने ‘डेक्का’ नावाचं पेटीवजा यंत्र काढलं: झाकण लावा, मूठ धरा, चालू लागा. त्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं आणि ही पेटी सैनिकांबरोबर खंदकांत गेली. पुढे एचएमव्हीने कर्णा पेटीच्या पोटातच दुमडून बसवला. आवाज आतून वळणं घेत यायचा आणि उघड्या झाकणावर आपटून समोर पडायचा. १९३१ साली त्यांचं ‘१०२’ नंबरचं मॉडेल आलं आणि ते पन्नासच्या दशकापर्यंत निघत राहिलं. माझ्या मते सूटकेस ग्रामोफोनच्या घराण्यातले हे भीमसेन. आवाज बुलंद, बांधा मजबूत, आणि वजनही तसंच.

आमच्या किनाऱ्याला असली पेटी का मानवली, हे समजायला आमचा किनारा समजला पाहिजे. भाऊच्या धक्क्यावरून लाँच, रेवसला उतरायचं, पुढे बैलगाडी. नाहीतर धरमतरची खाडी. पाऊस लागला की लाँच बंद. नाटक कंपनी सामानसुमानासकट गावात यायची म्हणजे समुद्राची परवानगी लागे. आणि वीज? तिची तर आमच्याकडे वेगळीच कथा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं दिसू लागलं, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय सुया त्या विजेने बावचळणार हे तिथले संचालक नानाभाई मूस यांच्या ध्यानात आलं. पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला असं ठिकाण हवं, जिथे विजेचा उपद्रव नाही. त्यांनी अलिबाग निवडलं. १९०४ साली वेधशाळेची इमारत उभी राहिली, तीही चुंबकाला ओढ लागेल असं लोखंड वर्ज्य करून. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावली आणि १९६४ साली कायमची थांबलीसुद्धा. अलिबागची वेधशाळा आहे तिथेच आहे. एखाद्या गावाला विजेच्या अभावाबद्दल शास्त्रज्ञांकडून प्रशस्तिपत्र मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

राज्याचं विद्युत मंडळ स्थापन झालं १९६० साली, आणि त्यानंतर खेडोपाडी खांब पोचायला आणखी कितीतरी पावसाळे गेले. तोवर गाणं ऐकायचं तर दोनच मार्ग: मनगटात जोर किंवा मुंबईत नातेवाईक. पेटीला दोन्ही लागत. नातेवाइकाने ती लाँचवरून आणायची आणि मनगटाने ती चालवायची.

श्रीवर्धनला आमच्या आजोळी १०२ ची पेटी आहे. आईच्या वडिलांनी ती दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या सुमारास मुंबईहून आणली. आजोबांचा शिस्तीवर भर. पेटी ओटीवर, चौरंगावर, गळ्यापर्यंत चादर पांघरून. चावी पेटीतच ठेवायची सोय कंपनीने केलेली आहे. पण आजोबांचा कंपनीवर विश्वास नव्हता. चावी त्यांच्या कोटाच्या खिशात असे. तबकडी लावायची त्यांनी, पिन बदलायची त्यांनी, आणि गाणं संपल्यावर “हं!” म्हणायचं तेही त्यांनीच.

या यंत्राची रचना मात्र मोठी सुंदर. चावी फिरवली की पोटातली पोलादी स्प्रिंग आवळली जाते. सुटू लागली की तबकडी फिरते. पण स्प्रिंगचा स्वभाव आमच्यासारख्या पगारदारांचा: सुरुवातीला मुक्त हस्त आणि महिनाअखेरीला ओढाताण. तबकडी मात्र मिनिटाला ७८ फेरे, ना एक कमी ना एक जास्त, अशीच फिरली पाहिजे. म्हणून आत एक छोटी योजना असते. तीन लहानशी वजनं पातळ पट्ट्यांवर गरगर फिरतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि एक चकती मागे ओढून चामड्याच्या गादीवर घासतात. झालं, वेग आवरला. या योजनेचं नाव आहे ‘गव्हर्नर’. वाढता वेग आवरायला गव्हर्नर लागतो हे रिझर्व्ह बँकेने कुठून शिकलं असावं, याबद्दल माझा एक तर्क आहे. पण नोकरीची काही वर्षं बाकी आहेत.

मग पिन. दर बाजूला नवी पिन. डबीवर कुत्र्याचं चित्र, आत दोनशे पिना, म्हणजे दोनशे बाजू. लाखेच्या तबकडीत दगडाची बारीक पूड मुद्दाम मिसळलेली असे. का, तर सुरुवातीच्या फेऱ्यांतच पोलादी पिन घासून खाचेच्या मापाची व्हावी आणि मग तबकडीला कमी ओरखडे यावेत. म्हणजे पिनेने झिजायचं आणि तबकडीने टिकायचं, असा करार. हिशेबी घरांतून एक पिन चार-चार बाजूंना वापरली जाई. करार मोडला की तबकडी झिजे, आणि दोन वर्षांनी गवयाला पडसं झाल्यासारखा आवाज येई. आवाज कमीजास्त करायला बटण नव्हतंच. जाड पिन लावली की मोठा, बारीक लावली की लहान. शेजारी आजारी असेल तर झाकण अर्धवट लोटायचं. शेजारी वैरी असेल तर पूर्ण उघडायचं.

एका बाजूला तीन मिनिटं. बारा इंची असली तर चार-साडेचार. आता विचार करा. ‘मानापमान’ १९११ चं, ‘स्वयंवर’ १९१६ चं. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालायचं, आणि बालगंधर्वांच्या एकेका पदाला किती ‘वन्समोअर’ पडावेत याला सुमार नव्हता. ते सगळं ऐश्वर्य तीन मिनिटांत बसवायचं म्हणजे गणपतीचा आख्खा मांडव काडेपेटीत घालणं. पण बसवलं. आणि त्या तीन मिनिटांच्या कुंचीतूनच मराठीत एक नवीन बाळ जन्माला आलं. १९३२ साली गो. ना. जोशी या गाणाऱ्या वकिलांनी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता तबकडीवर गायली आणि भावगीत नावाचा प्रकार घरोघर रूढ व्हायला लागला. कविता तीन मिनिटांत मावते, ख्याल मावत नाही. भावगीताचा आकार कवीने ठरवला असं समीक्षक सांगतात. मला वाटतं त्यात स्प्रिंगचाही हात असावा.

पण पेटीचा खरा पराक्रम वेगळाच आहे. त्या काळी गाणं ऐकायला जावं लागे, आणि जाणं हे पुरुषांकडे होतं. बैठकीला पुरुष, जलशाला पुरुष, मुंबईला कामासाठी गेलेले आणि नाटकासाठी तीन दिवस राहिलेले पुरुष. खेड्यातल्या घरातल्या बाईचं गाणं म्हणजे जात्यावरचं, पाळण्यावरचं आणि देवळातलं. बाई सुंदराबाई कशा गातात, हिराबाई बडोदेकरांचा आवाज कसा आहे, हे तिने ऐकायचं कुठे? पेटी ओटीवर वाजायची. पण आवाजाला उंबरठा कळत नाही. तो माजघरात जायचा, तिथून स्वयंपाकघरात. ओटीवर आजोबा आणि त्यांची मंडळी सुपारी कातरत माना डोलावत; आणि आत आजीच्या हातातलं भाकरीचं पीठ तीन मिनिटं तसंच राहायचं. एक गंमत अशी, की आजीने बालगंधर्वांना आयुष्यात पाहिलं नव्हतं. एका पुरुषाने बाई होऊन गायलेलं गाणं तिने ऐकलं ते भिंतीआडून. त्याला ‘वन्समोअर’ द्यायची तिला सोय नव्हती. चावी कोटाच्या खिशात, आणि कोट आजोबांच्या अंगात.

१९६६ साली आमची मामी लग्न होऊन या घरात आली. माहेरी रेडिओ ऐकलेली मुलगी. पहिल्याच महिन्यात ओटी रिकामी बघून तिने पेटीवरची चादर उचलली. आजोबा दारात उभे. ओरडले नाहीत. “सूनबाई, यंत्र आहे ते,” एवढंच म्हणाले. मामी चादर घालून आत गेली. ही हकिगत ती आजही सांगते, हसत सांगते, आणि प्रत्येक वेळी साल आणि महिना सांगते. ज्या गोष्टी माणूस खरोखर हसण्यावारी नेतो, त्यांचे महिने लक्षात राहत नाहीत असा माझा अनुभव आहे.

विजेवाचून चालणाऱ्या या पेट्यांचा आपल्या देशात एवढा खप होता, की बाकीच्या जगाने ७८ ची तबकडी सोडून दिल्यावरही आपल्याकडे ती निघत राहिली. अमेरिकेत एलपी १९४८ साली आली, पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी १९४९ साली. आपल्याकडे १९६० चं दशक निम्म्यावर आलं तरी डमडमच्या कारखान्यात ७८ च्या तबकड्या छापणं चालूच होतं. त्यांत चक्क बीटल्सच्याही होत्या! इंग्लंडच्या त्या झिपऱ्या पोरांचं गाणं लाखेच्या तबकडीवर फक्त दोन-चार देशांत निघालं, त्यांत आपण. आज त्या तबकड्यांसाठी परदेशी शौकीन वाटेल ती किंमत मोजतात. आमच्या मागासलेपणाला एवढा चांगला व्याजदर मिळेल असं तेव्हा कुणाला वाटलं असेल?

माझ्या संग्रहातली दुसरी पेटी सत्तरच्या दशकातली, आत्याकडून आलेली. आता जागा विजेने घेतली होती. एचएमव्हीची ‘फिएस्टा’, ‘कॅलिप्सो’ ही नावं त्या काळातल्या मंडळींना अजून पाठ आहेत. वजनाने निम्मी, रंगाने रंगेल, चावीच्या जागी बटण; काही तर सेलवरही चालत. वाळूवर सहलीला न्यायच्या, सत्यनारायणाला शेजारी द्यायच्या. या वयाच्या पुष्कळ पेट्यांत एक फार समजूतदार सोय असे. वाचणाऱ्या सुईला दोन टोकं, आणि एक खटका. ७८ लावायची तर खटका इकडे, एलपी लावायची तर तिकडे. कारण जुन्या तबकडीची खाच रुंद. एलपीची खाच तिच्या तीन-चार पट अरुंद. ही पेटी दोघींशी बोलते. वडील आले की एक बाजू, मुलगा आला की दुसरी. चाळिशी उलटलेल्या कुठल्याही गृहस्थाने हा खटका जवळून न्याहाळावा.

पुढे ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि पेट्या माळ्यावर गेल्या. खारा वारा आमच्याकडे कुणालाच सोडत नाही. स्प्रिंगला गंज, रेक्झिनला बुरशी, आणि आवाजाच्या डबीतलं रबर वाळून सुपारीसारखं टणक. पेटी दुरुस्त करायला घेतली की पहिले दोन रविवार नुसते पुसण्यात जातात.

तिसरी पेटी नवीन. पुतण्याने आणलेली. होय, पेट्या परत आल्या आहेत! क्रॉसली नावाच्या अमेरिकन कंपनीने सूटकेसची फॅशन पुन्हा आणली, आणि मागून इतर बरेच. अमेरिकेत २०२२ साली एलपी-तबकड्यांचा खप सीडीच्या पुढे गेला. १९८७ नंतर प्रथमच. पुतण्याची पेटी फिकट निळी, अडीच-तीन किलोची, पट्ट्यावर फिरणारी, तिन्ही वेगांची. तिच्यात ब्लूटूथ आहे. म्हणजे मोबाइलमधलं गाणं तबकडी न लावताच तिच्यातून वाजतं. पुतण्या बहुतेक तेवढंच करतो. तबकड्या त्याने भिंतीला लावल्या आहेत.

तिन्ही पेट्या शेजारी मांडून मी एकदा रीतसर ताळेबंद काढला. सुईचा भार: जुनीच्या आवाजाच्या डबीचा तबकडीवर शंभर ग्रॅमच्या वर; नवीचा पाच-सहा ग्रॅम; आणि मोठे शौकीन ज्या यंत्रांवर ऐकतात त्यांचा दीड-दोन. म्हणून ते शौकीन नव्या सूटकेसला नाकं मुरडतात. मुरडू देत. पाच-सहा ग्रॅमने तबकडी लगेच मरत नाही, आणि शौकिनांच्या नाकांना व्यायाम हवाच. मात्र जुनीवर एलपी लावाल तर पोलादी पिन एका फेरीत तिचा कोळसा करील. उलट नवीवर ७८ लावली तर वेग बरोबर मिळतो; पण सुई बहुधा एलपीच्या मापाची, ती त्या रुंद खाचेच्या तळाशी खडखडत जाते, हमरस्त्यावरून सायकल गेल्यासारखी. म्हणजे आजोबा आणि नातू एका घरात राहतात. पण एकमेकांची तबकडी एकाला दुसऱ्याची वाचता येत नाही. मधल्या खटकेवालीवाचून घर चालत नाही.

कष्टाच्या रकान्यात जुनी फार मागे. दर तीन मिनिटांनी उठा, चावी द्या, पिन बदला. नवीला वीस-बावीस मिनिटं बघावं लागत नाही. पण तिथेच मला एक गोष्ट जाणवली. जुन्या पेटीपाशी कुणीतरी बसावंच लागतं. ती एकटी वाजत नाही. नवी पेटी वाजत असताना पुतण्या आंघोळीला जातो. ‘पोर्टेबल’ दोन्ही आहेत. जुनी लाँचमधून, बैलगाडीतून, शेजारच्या मुंजीला, पलीकडच्या वाडीत गेली. नवी टेबलावरून अजून हललेली नाही, कारण तिची वायर पोचत नाही.

हा ताळेबंद इथेच संपला असता. पण ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग. पोफळीच्या बागा काड्यांसारख्या आडव्या. आजोबांनी लावलेल्या माडांपैकी सकाळी मोजलेले संध्याकाळी निम्मे. छपरांची कौलं अंगणात, विजेचे खांब रस्त्यात, मोबाइल मुके. त्यात करोनाची टाळेबंदी. कित्येक गावांतून वीज आठवडेच्या आठवडे नव्हती. १९६० साली निघालेले खांब एका दुपारी परत गेले.

रस्ता मोकळा झाल्यावर मी ताडपत्री, मेणबत्त्या आणि मामांची औषधं घेऊन श्रीवर्धनला गेलो. ओटीवरचं निम्मं छप्पर उघडं, पेटी मात्र माजघरात कोरडी. मामा ऐंशीच्या घरात. बागेकडे पाठ करून बसलेले. बागेविषयी बोलत नव्हते, म्हणजे कशाविषयीच बोलत नव्हते. संध्याकाळ झाली. दिव्याच्या उजेडात मामीने पेटी पुढे ओढली, चादर काढली, आणि मामांपुढे हात केला.

“अहो, चावी देता का?”

आजोबा गेल्यावर तो कोट मामांकडे आला होता आणि चावी कोटाबरोबर. मामांनी ती आणून दिली. मी पुढे झालो, तर मामी म्हणाली, “तू बस रे. यंत्र आहे ते.”

तिने चावी फिरवली. चौपन्न वर्षांनी पहिल्यांदा, आणि तरी हाताला कुठे अडखळ नाही; इतकी वर्षं भिंतीआडून फेरे मोजलेले असणार. ‘स्वयंवर’मधलं एक पद लागलं. पिन गंजकी होती, बालगंधर्वांना थोडा खोकला झाला होता. पण आवाज अंगणात गेला, पडलेल्या माडांवरून पलीकडच्या घरात गेला. त्या अंधारात कुणाकडे दुसरा आवाज नव्हताच. हळूहळू शेजारपाजारची चार-सहा माणसं तोंडाला फडकी बांधून कुंपणापाशी येऊन उभी राहिली. पद संपलं. कुणी काही बोललं नाही. आणि मग मामा, ज्यांनी तीन दिवस तोंड उघडलं नव्हतं असं मामी मागाहून म्हणाली, ते हळूच म्हणाले, “वन्समोअर.”

मामीने पिन बदलली. बाजूला नवी पिन, कराराप्रमाणे. त्या संध्याकाळी तिने किती वेळा चावी दिली ते मी मोजलं नाही. आणि मोजणं हा माझा धंदा आहे.

निघताना मी सहज म्हटलं, की घराची डागडुजी होईपर्यंत पेटी माझ्याकडे राहू दे. माझ्याकडे संग्रह आहे, कोरड्या जागी राहील, तेलपाणी होईल. मामीने चावी पदराच्या टोकाला बांधली आणि म्हणाली, “ने की. पण तुमच्याकडे फिरवणार कोण?”

तेव्हा हिशेब असा: माझ्या संग्रहात एकूण पेट्या तीन. पैकी दोन अलिबागला माझ्या ताब्यात. तिसरी श्रीवर्धनला, तिच्यापुढे ‘येणे बाकी’ असं लिहून ठेवलं आहे. ऑडिटरने विचारलं तर बुडीत म्हणेल. त्याला काय कळतंय!